मोबाइल कलवून मजकूर सरकवताना प्रतिसादाचा वक्र कसा आखावा?

वाचनखूण (प्रश्न)

नमस्कार. माझ्या वडिलांच्या बोटांचे सांधे आखडलेले असल्यामुळे स्क्रीनवर बोट फिरवून पान सरकवणे त्यांना फार वेळ जमत नाही, मात्र त्यांचे मनगट अजून चांगले वळते. त्यांना लांब मजकूर कष्टाविना वाचता यावा म्हणून मी गेले काही महिने एक छोटे वाचन-ॲप लिहीत आहे. मोबाइलची वरची कड पुढे झुकवली की मजकूर पुढे सरकतो, ती स्वतःकडे ओढली की मागे येतो, आणि मोबाइल मूळ स्थितीत आणला की मजकूर थांबतो, अशी त्याची रचना आहे.

सध्याची आकडेमोड अशी आहे. ॲक्सेलरोमीटरच्या (गुरुत्वाकर्षण आणि प्रवेग मोजणाऱ्या सेन्सरच्या) उभ्या, म्हणजे मोबाइलच्या लांबीच्या, अक्षावरचे वाचन ९.८१ ने भागून मी त्याचे अंशांत रूपांतर करतो आणि त्यातून ॲप उघडतानाच्या स्थितीचे अंश वजा करतो. पहिले ३ अंश दुर्लक्षित ठेवले आहेत. ३० अंशांना सेकंदाला २४०० पिक्सेल हा कमाल वेग धरला आहे, आणि मधल्या भागात कोन भागिले ३० या गुणोत्तराचा वर्ग करून त्या कमाल वेगाने गुणतो. हाताचा कंप दिसू नये म्हणून प्रत्येक फ्रेमला, म्हणजे स्क्रीन नव्याने रंगते त्या दर वेळी, नव्या वेगाचा एक दशांश आणि जुन्या वेगाचा नऊ दशांश भाग मिसळतो. शेवटी वेगाला फ्रेमच्या कालावधीने गुणून येणारी संख्या जवळच्या पूर्णांकात बदलतो, कारण मजकूर सरकवण्याची आज्ञा पूर्ण पिक्सेलच स्वीकारते.

अडचणी अनेक आहेत. वाचण्याजोगा संथ वेग काही केल्या साधत नाही; मजकूर एक तर हलत नाही किंवा हलू लागताच डोळ्यांच्या पुढे निघून जातो. मोबाइल मूळ स्थितीत आणल्यावरही मजकूर थोडा पुढे घरंगळतो, त्यामुळे वाचत असलेली ओळ हरवते. माझा मोबाइल ६० हर्ट्झचा आहे आणि वडिलांचा १२० हर्ट्झचा; तोच कोड दोन्हींवर अगदी वेगळा वागतो. शिवाय वडील खुर्चीत बसून वाचतात तेव्हा जे बरे चालते ते पलंगावर पडून वाचताना बिघडते. मी वर्गाऐवजी घातांक १.५ पासून ३ पर्यंत बदलून पाहिला, परंतु एक तक्रार मिटली की दुसरी उभी राहते. कोणता घातांक योग्य ठरेल, की कोनावरून वेग ठरवणाऱ्या वक्राचा प्रकारच बदलायला हवा?

गतिरेषा

घातांक तूर्त बाजूला ठेवा, कारण तुमच्या पहिल्या तीन तक्रारींपैकी दोन वक्रामुळे उद्भवलेल्याच नाहीत आणि तिसरीतला मोठा वाटाही त्याचा नाही. तुम्ही दिलेले आकडे कागदावर मांडले तर हे लगेच दिसते.

६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेममध्ये अर्धा पिक्सेल सरकणे म्हणजे सेकंदाला ३० पिक्सेल. त्याहून कमी वेग आला की जवळचा पूर्णांक शून्य येतो आणि मजकूर जागचा हलत नाही. तुमच्या वर्गी वक्रावर ३० पिक्सेलचा वेग सुमारे ३.३५ अंशांवर येतो, म्हणजे तुमचा निष्क्रिय पट्टा कागदावर ३ अंशांचा असला तरी हाताला तो ३.३५ अंशांचा लागतो. ती मर्यादा ओलांडताच प्रत्येक फ्रेमला पूर्ण एक पिक्सेल सरकू लागतो, म्हणजे वेग एकदम ६० वर जातो आणि साधारण ५.८ अंशांपर्यंत तिथेच खिळून राहतो. त्यापुढे तो थेट १२० होतो. आता हेच गणित १२० हर्ट्झला करून पाहा. तिथे अर्ध्या पिक्सेलची मर्यादा सेकंदाला ६० पिक्सेलवर येते, म्हणून वडिलांच्या मोबाइलवर जवळजवळ ४.७ अंशांपर्यंत काहीच घडत नाही आणि नंतर मजकूर एकदम १२० च्या वेगाने सुटतो. तुम्ही आखलेला सुरेख वक्र प्रत्यक्षात पायऱ्यांचा जिना झाला आहे, आणि दोन मोबाइलवर त्या पायऱ्यांची उंची वेगळी आहे.

आता वाचनाचा वेग किती लागतो ते पाहू. मिनिटाला २०० शब्द वाचणारा माणूस आणि ओळीत साधारण ८ शब्द धरले तर मिनिटाला २५ ओळी होतात. ओळीची उंची ६० पिक्सेल असेल तर सेकंदाला २५ पिक्सेल. (ओळ ६० पिक्सेलची असताना सेकंदाचे पिक्सेल आणि मिनिटाच्या ओळी यांचा आकडा एकच येतो, त्यामुळे पुढचे हिशेब सोपे होतात.) म्हणजे तुम्हाला हवा असलेला वेग नेमका त्या मर्यादेखाली आहे आणि दोन्हींपैकी एकाही मोबाइलवर तो कधीच मिळणार नाही, मग घातांक कोणताही घ्या. उपाय सोपा आहे: पूर्णांकात बदलताना उरलेला अपूर्णांक फेकून न देता एका चलात साठवावा आणि पुढच्या फ्रेमच्या सरकण्यात मिळवावा. २५ च्या वेगाला ६० हर्ट्झवर सरासरी २.४ फ्रेमना एक पिक्सेल सरकेल, आणि आजच्या दाट पिक्सेलांच्या स्क्रीनवर ती हालचाल डोळ्यांना अखंड वाटते.

घरंगळण्याचे कारण तुमचा फिल्टर आहे. प्रत्येक फ्रेमला एक दशांश नवा भाग मिसळल्यामुळे कोन शून्यावर आल्यानंतरही जुना वेग हळूहळू ओसरत राहतो, आणि त्या काळात मजकूर जेवढा सरकतो ते अंतर ६० हर्ट्झवर वेग गुणिले ०.१५ सेकंद इतके भरते. सेकंदाला ६०० पिक्सेलच्या वेगावरून थांबलात तर ९० पिक्सेल, म्हणजे दीड ओळ, पुढे जाते. वाचक हरवतो तो त्या दीड ओळीत. १२० हर्ट्झवर तोच फिल्टर दुप्पट वेळा चालतो, म्हणून तिथे घरंगळणे निम्मे होते. मिसळण्याचे प्रमाण फ्रेमवर न बांधता काळावर बांधावे, आणि फिल्टर वेगाऐवजी कोनाला लावावा. हात स्थिर असताना जास्त गाळणारा आणि हात झपाट्याने हलला की आपोआप सैल होणारा ‘वन यूरो फिल्टर’ २०१२ साली प्रसिद्ध झाला आहे. तो मोजक्या ओळींत लिहिता येतो आणि या कामासाठी त्याच्याइतका सोयीचा दुसरा माझ्या वापरात नाही. निरोगी हाताचा स्वाभाविक कंप साधारण ८ ते १२ हर्ट्झचा असतो आणि जाणूनबुजून केलेली मनगटाची हालचाल त्याहून पुष्कळ संथ असते, त्यामुळे दोन्ही वेगळे काढता येतात. त्याशिवाय थांबणे हे सुरू होण्यापेक्षा तातडीचे असते, म्हणून कोन निष्क्रिय पट्ट्यात शिरताच फिल्टरची वाट न पाहता वेग थेट शून्य करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

एवढे केल्यावरच वक्राकडे वळावे. तुमच्या सूत्रात ३ अंश दुर्लक्षित आहेत, पण वेग मोजताना ते वजा केलेले नाहीत, त्यामुळे पट्ट्याच्या कडेवर वेग शून्यावरून एकदम २४ वर उडी मारतो. कोनातून पट्टा वजा करून उरलेल्या पल्ल्याचे शून्य ते एक असे प्रमाण काढावे आणि वक्र त्या प्रमाणाला लावावा. कमाल कोनही ३० ऐवजी २५ अंशांवर आणावा, कारण त्यापुढे स्क्रीन इतकी तिरपी होते की अक्षरे नीट दिसत नाहीत. असे केल्यानंतर वर्गी वक्रावर २५ चा वेग साधारण ५.२५ अंशांवर येतो. पण मनगट तिथून एक अंश पुढे गेले तर वेग ५२ होतो आणि एक अंश मागे आले तर ८ च्याही खाली येतो. एका अंशाने वाचनाचा वेग दुप्पट होत असेल, तर कोणाचाही हात तो धरून ठेवू शकणार नाही. घातांक वाढवला तर वाचनाचा पट्टा थोडा रुंद होतो पण वरच्या टोकाला वक्र कड्यासारखा उभा राहतो. कमी केला तर उलट घडते. तुमची एक तक्रार मिटून दुसरी उभी राहते ती याचमुळे.

म्हणून माझे मत असे आहे की एका घातांकात सगळे बसवण्याचा हट्ट सोडून वक्राला मध्ये एक पठार द्यावे. पट्ट्याच्या कडेपासून ५ अंशांपर्यंत वेग शून्यावरून २० वर जाऊ द्यावा, ५ ते १२ अंशांत तो २० वरून केवळ ३४ पर्यंत चढावा, आणि १२ नंतर वर्गी वळणाने तो २५ अंशांवर २४०० ला पोहोचावा. पठारावर एका अंशाला फक्त २ पिक्सेलचा फरक पडतो, म्हणजे मनगट किंचित डळमळले तरी वाचकाच्या ते लक्षातही येत नाही. ही कल्पना नवी नाही. लॅपटॉपच्या कळांमध्ये बसवलेल्या, बोटाने रेटायच्या ट्रॅकपॉइंटमध्ये बल आणि वेग यांचा संबंध असाच आखलेला आहे: आरंभी निष्क्रिय भाग, मग संथ आणि भरवशाच्या हालचालीसाठी सपाट भाग, त्यापुढे चढ, आणि डोळा पाठलाग करू शकेल त्या वेगाशी पुन्हा एक सपाटी. ज्या वेगांवर माणूस सर्वाधिक काळ घालवतो त्यांना सर्वाधिक जागा दिली जाते.

ओळंबा

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु पलंगावर पडून वाचतानाची तक्रार त्याने सुटणार नाही, कारण तिथे वक्रापर्यंत पोहोचणारा कोनच चुकीचा आहे.

उभ्या अक्षावरचे वाचन हे कोनाच्या साइनच्या प्रमाणात बदलते. मोबाइल आडवा, टेबलावर ठेवल्यासारखा असताना एक अंश कलवला तर ते वाचन गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.०१७५ पट इतके बदलते. मोबाइल ६० अंशांवर धरलेला असेल तर त्याच एका अंशाला बदल निम्मा होतो, आणि ८० अंशांवर तो केवळ ०.००३ पट राहतो. तुम्ही साइनवरून अंश उलटे काढता हे खरे, पण जिथे वाचन मुळातच जेमतेम हलते तिथे सेन्सरचा बारीकसा गोंगाटही उलट गणितात फुगून अनेक अंशांचा होतो, आणि ९० अंशांपलीकडे तर हे गणित मागेच वळते. वडील पडून वाचताना मोबाइल बहुधा उभा किंवा चेहऱ्यावर झुकलेला धरत असतील. एका अक्षाऐवजी उभा अक्ष आणि स्क्रीनमधून बाहेर येणारा अक्ष अशी दोन्ही वाचने घेऊन दोन चलांच्या व्यस्त टॅन्जंटने कोन काढावा, म्हणजे धरण्याच्या कोणत्याही पद्धतीत एक अंश हा एक अंशच राहतो. मूळ स्थितीचा कोन वजा केल्यावर येणारा फरक उणे १८० ते अधिक १८० या पल्ल्यात आणण्यास विसरू नये. नाही तर मोबाइल डोक्यावर धरलेला असताना तो कधी तरी एकदम ३५९ अंश होतो आणि मजकूर पुस्तकाच्या शेवटाला जाऊन पोहोचतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात नेमके तेच घडले होते.

कुशीवर झोपून वाचण्याचा प्रश्न वेगळा आहे. त्या वेळी गुरुत्वाकर्षण मुख्यतः आडव्या अक्षावर येते, वरील दोन्ही वाचने लहान होतात आणि त्यांच्यावरून काढलेला कोन थरथरत राहतो. त्या स्थितीत मोबाइल पुढे-मागे कलवणे म्हणजे दार बिजागरीवर फिरवण्यासारखे असते; दार कितीही उघडले तरी ओळंब्याची दिशा बदलत नाही, आणि म्हणून गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या सेन्सरला ती हालचाल दिसतच नाही. तिच्यासाठी फिरण्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप लागतो. अँड्रॉइडमध्ये ‘गेम रोटेशन व्हेक्टर’ हा तयार सेन्सर जायरोस्कोप आणि ॲक्सेलरोमीटर एकत्र करून, चुंबकीय क्षेत्राचा आधार न घेता, मोबाइलची दिशा देतो; आयफोनमध्ये ‘कोअर मोशन’ गुरुत्वाकर्षण आणि हाताने दिलेला प्रवेग वेगवेगळे करून देते. मात्र ओळंब्याच्या दिशेभोवतीचे फिरणे जायरोस्कोपवरच अवलंबून असल्यामुळे ते काही मिनिटांत हळूहळू सरकते, हे लक्षात ठेवावे. कुशीवरचे वाचन तुम्हाला आवश्यक नसेल तर सरळ मार्ग असा की उभ्या आणि बाहेरच्या अक्षांची एकत्रित लांबी गुरुत्वाकर्षणाच्या ०.३ पटीपेक्षा कमी झाली की मजकूर थांबवावा.

चालत्या गाडीतही हाच विचार करावा लागतो. गाडी सेकंदवर्गाला २ मीटर इतक्या प्रवेगाने वेग घेत किंवा कमी करत असेल तर केवळ ॲक्सेलरोमीटरला ते ११.५ अंशांच्या कलासारखे वाटते, म्हणजे तुमचे पठार जवळजवळ पूर्ण ओलांडले जाते. एकत्रित सेन्सर अशा क्षणिक धक्क्यांना बऱ्याच अंशी दाद देत नाही.

आणखी एक. ॲप उघडताना मोबाइल ज्या स्थितीत असतो ती मूळ स्थिती धरणे चुकीचे आहे, कारण त्या वेळी माणूस मोबाइल नुकताच उचलत असतो. हात अर्धा सेकंद स्थिर राहिल्यावर मूळ स्थिती नोंदवावी. पुढे वाचताना हात थकून खाली येतो, म्हणून मूळ स्थितीही अतिशय संथपणे हाताच्या मागोमाग सरकू द्यावी, परंतु केवळ कोन निष्क्रिय पट्ट्यात असताना आणि मजकूर थांबलेला असतानाच. पठारावर वाचत असताना ती सरकू दिली तर वेग आपोआप घटत जातो आणि वाचक नकळत मनगट अधिकाधिक वळवत राहतो.

वाचनखूण

दोघांचेही मनापासून आभार. अपूर्णांक साठवण्याचा बदल केवळ दोन ओळींचा होता, पण तो केल्याबरोबर दोन्ही मोबाइल सारखे वागू लागले. महिनाभर मी ज्या गोष्टीमागे होतो ती पूर्णांकाच्या एका आज्ञेत दडलेली होती. कोन दोन अक्षांवरून काढल्यामुळे उताणे पडून वाचणेही सुरळीत झाले आहे. कुशीवर मजकूर थांबवण्याचा मार्ग मी स्वीकारला.

पठारानेही मोठा फरक पडला, मात्र गतिरेषा यांनी दिलेले आकडे माझ्या हाताला चपखल बसले तरी वडिलांच्या हाताला बसत नाहीत. त्यांचा हात अधिक डळमळतो आणि ते माझ्यापेक्षा सावकाश वाचतात. त्यांच्यासाठी मी आकडे हाताने बदलू शकेन, परंतु हे ॲप त्यांच्या दोन मित्रांनाही हवे आहे, तेव्हा प्रत्येकाला स्वतःचा वक्र ठरवता यावा असे वाटते. तो त्यांच्यासमोर कसा मांडावा? आणि पठाराऐवजी घातांकी वक्र घ्यावा असेही एके ठिकाणी वाचले, त्यात काही लाभ आहे का?

पाणसळ

घातांकी वक्राविषयी आधी सांगतो, कारण त्यामागचा विचार चांगला आहे. माणसाला वेगातला फरक साधारणपणे पटीत जाणवतो; १० वरून २० होणे आणि २०० वरून ४०० होणे हे बदल त्याला सारख्याच तोलाचे वाटतात. म्हणून प्रत्येक अंशाला वेग ठरावीक पटीने वाढवला तर संपूर्ण पल्ल्यात हाताची पकड सारखी राहते. ३ अंशांवर १० आणि २५ अंशांवर २४०० धरले तर दर २.८ अंशांना वेग दुप्पट होतो, आणि २५ चा वाचनवेग साधारण ६.७ अंशांवर येतो. तिथे एका अंशाच्या चुकीने वेग २५ वरून ३२ होतो. वर्गी वक्रावर तो ५२ होत होता, तेव्हा ही सुधारणा मोठी आहे. परंतु पठारावर तो २७ च होतो. फोटोंचा संग्रह, लांब याद्या किंवा नकाशा चाळताना, जिथे ठरावीक एक वेग महत्त्वाचा नसतो, तिथे मी घातांकी वक्रच घेईन. अखंड वाचनासाठी पठार अधिक योग्य आहे, आणि त्याबाबत गतिरेषा यांच्याशी माझे दुमत नाही.

दुमत आहे ते पठाराची जागा आधीच ठरवण्याबाबत. ती हाताला विचारून ठरवावी. पहिल्यांदा ॲप उघडल्यावर स्क्रीनवर एक रेषा दाखवा आणि मोबाइल कलवून ती रेषा क्रमाने चार-पाच खुणांवर प्रत्येकी काही सेकंद स्थिर ठेवायला सांगा. प्रत्येक खुणेवर कोन किती पसरतो ते नोंदवा. मूळ स्थितीतला पसारा निष्क्रिय पट्टा किती रुंद असावा ते सांगतो. मी पट्टा त्या पसाऱ्याच्या साधारण तिप्पट ठेवतो. पठाराची रुंदीही मधल्या खुणांवरच्या पसाऱ्याच्या किमान चौपट असावी. कोणत्या कोनापुढे माणूस रेषा खुणेवर आणूच शकत नाही किंवा अक्षरे दिसत नाहीत म्हणून मोबाइल परत ओढतो, तो त्याचा कमाल कोन. पुढे झुकवणे आणि स्वतःकडे ओढणे यांची मोजणी मात्र वेगळी ठेवावी, कारण मनगट दोन्ही बाजूंना सारखे वळत नाही. दोन दिशांना एकच वक्र उलटा करून वापरणे ही मी सर्वाधिक वेळा पाहिलेली चूक आहे. २००९ सालच्या एका अभ्यासात मनगट गोल फिरवण्याच्या अक्षावर माणसे कलाच्या किमान १६ पातळ्या सहज सांभाळू शकतात असे दिसले होते, आणि कलाचा पल्ला समान भागांत न वाटता वर्गी प्रमाणात वाटल्यास सर्वच अक्षांवर कामगिरी सुधारली होती. म्हणजे हाताची अचूकता सर्व कोनांत एकसारखी नसते हे गृहीत धरूनच वक्र आखावा.

वापरणाऱ्यासमोर वक्राचे चित्र आणि ओढण्याचे बिंदू ठेवण्याचा मोह टाळावा. ज्येष्ठ वाचकाला घातांक, चढ, पठार यांत रस नसतो. त्याला तीन सरकपट्ट्या पुरतात: वाचण्याचा वेग मिनिटाला ओळींत, हात किती स्थिर राहतो, आणि चाळताना किती भरभर जायचे. पहिलीने पठाराची उंची बदलते, दुसरीने पट्ट्याची आणि पठाराची रुंदी, तिसरीने कमाल वेग. वेग आत साठवतानाही ओळींतच साठवावा, पिक्सेलांत नव्हे. वडिलांनी अक्षरे मोठी केली की ओळीची उंची वाढेल आणि पिक्सेलांत साठवलेला वेग त्यांना अचानक संथ वाटू लागेल.

तुम्हाला स्वतःला प्रयोगासाठी बिंदू ओढून वक्र आखायचा असेल तर बिंदू जोडताना साधी घन स्प्लाइन (तुकड्यातुकड्यांनी जोडलेला गुळगुळीत वक्र) वापरू नका. पठार संपून चढ सुरू होतो त्या वळणाआधी ती खाली झोल खाते, म्हणजे मोबाइल अधिक कलवल्यावर वेग क्षणभर कमी होतो, आणि हाताला ते फार विचित्र जाणवते. १९८० साली फ्रिट्श आणि कार्लसन यांनी मांडलेली पद्धत बिंदू चढते असतील तर वक्रही चढताच ठेवते. तो वक्र एकदा मोजून शंभरेक नोंदींच्या तक्त्यात भरून ठेवावा आणि प्रत्येक फ्रेमला तक्त्यातून वेग उचलावा.

निष्क्रिय पट्ट्याला एकच कड असू नये. ३.५ अंश ओलांडल्यावर मजकूर सुरू होऊ द्या आणि २.५ च्या आत आल्यावर थांबू द्या, अन्यथा कडेवर डळमळणारा हात मजकुराला थांब-चाल करायला लावतो. वक्राचे शून्य २.५ पासून मोजले तर ३.५ वरची उडी सेकंदाला ८ पिक्सेलची, म्हणजे न जाणवणारी राहते.

शेवटचा मुद्दा वक्राचा नाही, पण त्याच्याइतकाच महत्त्वाचा आहे. १९९६ साली जून रेकिमोतो यांनी लहान स्क्रीनसाठी कलाचा वापर मांडला तेव्हा कलासोबत बटणाचाही उपयोग केला होता. हात कलला म्हणजे सरकवायचेच आहे असे नसते. माणूस कुणाशी बोलायला वळतो, चष्मा पुसतो. त्यामुळे कल तात्पुरता तोडण्याची एक सोपी खूण हवी. वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या (WCAG) २.१ आवृत्तीतही, जी २०१८ साली आली, उपकरण हलवून होणारे काम साध्या नियंत्रणानेही करता यावे आणि हालचालीला प्रतिसाद देणे बंद करता यावे अशी अट किमान पातळीवरच घातलेली आहे.

गतिरेषा

दोन दिशांचे वक्र वेगळे ठेवण्याची सूचना माझ्या उत्तरात यायला हवी होती, ती पूर्णपणे योग्य आहे. मागे जाण्याच्या दिशेला तर पठाराची गरजही नसते, कारण कोणी उलट दिशेने सलग वाचत नाही. तिथे वाचकाला फक्त दोन-तीन ओळी मागे जाऊन पुन्हा पाहायचे असते, म्हणून त्या बाजूला कमाल वेग पुष्कळ कमी ठेवावा आणि पाणसळ यांनी सांगितलेला घातांकी वक्र वापरावा.

वाचनखूण

हाताची मोजणी करणारा भाग लिहून झाला आणि काल संध्याकाळी वडिलांना बसवून तो चालवला. मूळ स्थितीत माझ्या हाताचा पसारा अर्ध्या अंशाच्या आसपास आला आणि त्यांचा दीड अंशाच्या. त्यानुसार त्यांचा पट्टा सुरू होताना ५ अंशांचा आणि थांबताना ४ अंशांचा ठरला, पठार ७ ते १५ अंशांत गेले, आणि मिनिटाला १८ ओळी हा वेग त्यांनी स्वतः सरकपट्टीवर निवडला. पुढे झुकवताना ते २४ अंशांपर्यंत सहज जातात, स्वतःकडे ओढताना मात्र १६ अंशांवरच थांबतात, म्हणून मागच्या दिशेला घातांकी वक्र लावून त्याचा कमाल वेग मिनिटाला ३०० ओळींवर आणला.

कल तोडण्यासाठी बटण दाबणे त्यांना जड जाते, तेव्हा तळहाताची कड स्क्रीनवर कुठेही टेकली की मजकूर थांबावा, आणि ती उचलल्यानंतर हात अर्धा सेकंद स्थिर राहिला की तीच नवी मूळ स्थिती धरली जावी, अशी सोय केली आहे. यामुळे खुर्चीतून पलंगावर गेल्यावर वेगळे काही करावे लागत नाही. कल पूर्ण बंद करण्याचा पर्यायही पहिल्याच पानावर ठेवला आहे. काल ते सलग चाळीस मिनिटे वाचत होते, आणि मध्ये एकदा चष्मा पुसायला थांबले तेव्हा परत आल्यावर त्यांची ओळ जिथल्या तिथे होती.

रुंद तक्ते आडवे सरकवण्याचे काम अजून बाकी आहे. तिथे वेगाऐवजी कोनानुसार थेट जागा ठरवून पाहणार आहे, कारण तक्ता स्क्रीनच्या दीडपटच रुंद असतो आणि मनगट सरळ केले की तो आपोआप मधल्या जागी परत यावा असे वडिलांचे म्हणणे आहे.